ते लांब फेकतात

१९९६ चा जुलै, फुटबॉलची मॅच. आझाद मैदान, दुपारचे साडेतीन, आणि पाऊस असा की चुन्याच्या लाईनी पहिल्या दहा मिनिटांतच धुवून गेलेल्या, त्यामुळे बॉल बाहेर गेला की नाही हे सगळं लाईन्समनच्या झेंड्यावर. मी लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर. आमच्याच हाफमध्ये, अगदी कडेला, बॉल माझ्या पायात आला. मागून त्यांचा विंगर येत होता पण अजून आठ-दहा पावलं लांब होता. मी पुढे लांब मारू शकलो असतो, स्टॉपरला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, देऊ शकलो असतो, नाहीतर सरळ बाजूने बाहेर काढू शकलो असतो, जे कुठलाही बॅक अशा वेळी डोळे मिटून करतो. मी काय केलं, तर वळलो आणि बॉल आमच्याच गोलच्या बाजूने मागे मारला. कॉर्नर दिला. स्वतःहून. म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून बॉल सरळ गोलसमोर मारायची संधी त्यांना आयती दिली.

कीपर ओरडला, "अरे काय करतोयस!" आणि मग, हे मला अजून कानात ऐकू येतं, त्याचाच आवाज खाली आला आणि तो म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे, बरोबर केलंस."

बरोबर केलंस, कारण बाजूने बाहेर काढला असता तर त्यांना थ्रो, म्हणजे हाताने बॉल आत टाकायला, मिळाला असता, आणि ते लांब फेकतात हे आमच्या अकराही जणांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, तर ऐकलं होतं. त्यांची एकही मॅच आमच्यातल्या कोणीही पाहिली नव्हती.

आम्ही नायगावचे, ती टीम वेस्टर्न लाईनवरची. तेव्हा काय व्हिडिओ नव्हते, मोबाईल नव्हते, समोरच्या टीमबद्दल जे काही कळायचं ते कोणाचा तरी मावसभाऊ कुठेतरी त्यांच्याविरुद्ध खेळलेला असायचा त्याच्याकडून. ड्रॉ लागला त्या दिवशी संध्याकाळी चाळीच्या जिन्यावर बातमी आली की त्यांचा एक हाफ आहे, म्हणजे मधल्या फळीतला, बारीक अंगाचा, पण थ्रो असा टाकतो की कॉर्नरपेक्षा बेकार. सोमवारी तो थ्रो पेनल्टी स्पॉटपर्यंत येत होता. गुरुवारपर्यंत तो लांबच्या पोस्टवर पडायला लागला. शुक्रवारी कोणीतरी सांगितलं की मागच्या वर्षी एका कीपरने बॉल हातात धरला तरी बॉलसकट तो गोलमध्ये गेला, आणि आमच्या कीपरने हे ऐकून हातातला वडापाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

आमचे सर खूप मनापासून करायचे सगळं, नोकरी सांभाळून, पगारातून बॉल घेऊन. त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी घरून स्टूल घेऊन यायचे. पटांगणात स्टुलावर उभं राहून दोन्ही हातांनी बॉल आत टाकायचे आणि आम्ही आठ-नऊ जण एकमेकांच्या अंगावर पडत तो हेडने बाहेर काढायचो. एक आठवडा, रोज दीड तास, फक्त हेच. आमचा स्वतःचा खेळ काय होता, आमचा राईटचा पोरगा किती सुंदर क्रॉस टाकायचा, आमचे कॉर्नर कोण घेणार, यावर त्या आठवड्यात एक शब्द झाला नाही. याचा विचार मी नंतर खूप केला. मॅच शनिवारी होती पण सोमवारपासून आम्ही त्यांच्या हिशोबानेच जगत होतो.

मॅचमध्ये पहिला थ्रो मिळाला तेव्हा तो हाफ चालत आला. पळत नाही, चालत. बॉल उचलला आणि जर्सीच्या खालच्या टोकाने पुसायला लागला. आता बघा, धो धो पाऊस पडतोय, जर्सी पिळली तर बादलीभर पाणी निघेल, त्याने बॉल पुसून काय होणार? पण तो पुसत राहिला, शांतपणे, फिरवून फिरवून, मग सहा पावलं मागे गेला, आणि तोवर आम्ही सगळे, माझ्यासकट, आमच्या फॉरवर्डसकट, गोलसमोरच्या सहा यार्डाच्या बॉक्समध्ये. मी एकाची जर्सी धरून उभा होतो आणि माझे डोळे फक्त त्या पुसणाऱ्या हातावर. तो पळत आला आणि बॉल तीन पावलांवर उभ्या असलेल्या त्यांच्या विंगरच्या पायात टाकला. बस. विंगरने मोकळ्यात दोन टच घेतले, डीच्या टोकावर त्यांचा एक जण एकटा उभा होता, आमचं कोणीच नाही तिथे, त्याला दिला आणि त्याने चिखलातून खालून मारला. १-०.

सर बाहेरून ओरडत होते, "शॉर्ट जातोय, बाहेर या, बाहेर या!" पुढचा थ्रो आला. त्याने परत बॉल पुसला. आणि आम्ही परत सगळे आत. सर ओरडत होते ते ऐकू येत होतं, समजत होतं, पण पाय बाहेर जात नव्हते. मनात एकच, ह्या वेळी टाकला तर? आत्ता एकदा शॉर्ट टाकून त्याने आपल्याला फसवलंय, आता टाकणार. पूर्ण मॅचमध्ये त्याला बॉक्सजवळ सात थ्रो मिळाले. रात्री घरी अंथरुणावर पडून मी ते एकेक करून मोजले, म्हणून आकडा पक्का आहे. सातपैकी एकही लांब नव्हता.

आणि तरीही मॅचनंतर स्टेशनबाहेर आम्ही सगळे ओले चहा पीत उभे होतो तेव्हा आमच्यात बोलणं काय चाललं होतं? "थ्रो डेंजर आहे यार त्याचा." मी पण म्हणालो. दोन आठवड्यांनी शिवडीच्या टीममधला एक ओळखीचा भेटला, त्यांची पुढची मॅच त्या टीमशी होती, त्याने विचारलं कसे आहेत रे ते, आणि मी, ज्याने त्या माणसाला एकदाही लांब फेकताना पाहिलं नव्हतं, अगदी ठामपणे सांगितलं, "सांभाळून. ते लांब फेकतात."

हे मी का लिहितोय, तर नाव कसं पसरतं हे मला त्या दिवशी आतून दिसलं. जी टीम हरते तीच जिंकणाऱ्याचं नाव मोठं करते, कारण आपण घाबरून हरलो असं सांगण्यापेक्षा समोरचा भयंकर होता असं सांगणं सोपं असतं. आपल्याकडे म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्या राक्षसाला रोज जेवू-खाऊ घालायचं काम आम्हीच केलं.

बारा वर्षं गेली. २००८, लग्न झालेलं, टीव्हीवर इंग्लंडचं फुटबॉल यायचं आणि मी रात्री आवाज बंद करून बघायचो. स्टोक सिटी नावाची टीम त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये वर आलेली, कोच टोनी प्युलिस, आणि त्यांच्यात रोरी डेलॅप नावाचा एक मिडफिल्डर. लहानपणी भालाफेक केलेला माणूस. तो थ्रो टाकायचा तो वर कमान करून हळू खाली येणारा नाही, सपाट, वेगात, सरळ गोलच्या तोंडाशी. आणि थ्रोवर ऑफसाईड नसतो हे लक्षात घ्या, म्हणजे त्यांची उंच उंच माणसं कीपरच्या नाकासमोर आधीच जाऊन उभी राहू शकतात, कायद्याने. १ नोव्हेंबरला आर्सेनल तिथे गेली, तेव्हाची देखणी, पायात पायात खेळणारी आर्सेनल, आणि २-१ ने हरली, स्टोकचे दोन्ही गोल डेलॅपच्या थ्रोवरून.

पण मला जे आयुष्यभर लक्षात राहील ते त्याच महिन्याच्या शेवटी झालं. हल सिटीची मॅच होती स्टोकमध्ये. हलचा कीपर बोआझ मायहिल, त्याच्याकडे बॉल, बाजूने बाहेर काढायची वेळ, आणि त्याने बॉल मुद्दाम स्वतःच्याच गोललाईनबाहेर मारला. थ्रो नको म्हणून कॉर्नर दिला. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. बायको आतून म्हणाली काय झालं, आणि मला सांगताच येईना. हा व्यावसायिक कीपर, ह्याला पगार मिळतो, ह्याने व्हिडिओ पाहिलेत, ह्याच्यामागे कोचेस आहेत, आणि ह्याने तेच केलं जे मी आझाद मैदानात चिखलात केलं होतं. त्याच मॅचमध्ये हलचा डीन विंडास बदली खेळाडू म्हणून बाहेर वॉर्मअप करत होता, तो डेलॅपच्या पुढ्यातच उड्या मारत राहिला आणि त्याला यलो कार्ड मिळालं. मैदानात न उतरलेल्या माणसाला थ्रोच्या भीतीने कार्ड!

फरक एवढाच की डेलॅप खरंच फेकायचा. त्याच्या नावामागे गोल होते. आमच्या वेळी नुसतं नाव होतं. पण बॅकच्या पायात काय होतं ते दोन्हीकडे सारखंच, आणि ते मला नीट सांगायचंय कारण टीव्हीवर ते दिसत नाही. बॅकचं काम म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी बघणं, बॉल, आपला माणूस, आपली लाईन, आणि मागची मोकळी जागा. मान सतत फिरत असते. समोरच्याच्या एका गोष्टीची धास्ती बसली की मान फिरायची थांबते. डोळे तिथेच चिकटतात. मग तुम्ही अर्धं पाऊल आधीच मागे असता, बॉल घ्यायला पुढे जायच्या जागी थांबता, पास आधीच ठरवून ठेवता, आणि जो पास तुम्ही रोज झोपेत देता तो पायातून अडखळत निघतो. समोरच्याने अजून काहीच केलेलं नसतं.

मुंबईच्या माणसाला हे सांगायची खरं तर गरजच नाही, फक्त आपण ते दुसऱ्या बाजूने पाहिलंय. क्रिकेटमध्ये आपलं नाव खडूस. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी घेतली, आज एकूण ४२. माझे बाबा सांगायचे की बाहेरच्या टीम इथे यायच्या तेव्हा मॅच पहिल्या डावाच्या लीडसाठी आणि आपली लाज राखण्यासाठी खेळायच्या, जिंकायला म्हणून फार कमी. आणि ह्या नावाचा आपल्यावरही केवढा पगडा, ते मला १९९१ च्या फायनलला कळलं. वानखेडेवर हरियाणा, ३५५ चं टार्गेट, आपली सुरुवातच कोसळलेली, मग सचिनचे ९६, वेंगसरकर १३९ नाबाद, शेवटची जोडी मैदानात, आणि आमच्या गल्लीत रेडिओभोवती एकालाही वाटत नव्हतं की आपण हरू. मुंबई हरत नाही, एवढंच. हरलो. २ रनांनी. कपिलच्या पोरांना कोणी सांगितलं नव्हतं बहुतेक की मुंबई हरत नसते, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल. वेंगसरकर रडला होता त्या दिवशी, आणि माझे बाबा रात्री जेवले नाहीत.

असो. फुटबॉलकडे येतो, कारण पुढचा भाग मला लिहायला जड जाणार आहे.

९७ च्या सीझनला आमच्यावरही एक शिक्का बसला. आमचा स्टॉपर अंगाने दणकट होता, मनाने अतिशय गरीब, मुंगी मारणार नाही असा. एका सेमीफायनलला चिखलात तो घसरला आणि समोरच्या फॉरवर्डचा घोटा गेला. कोणाची चूक नव्हती, तो फॉरवर्ड स्वतः नंतर म्हणाला. पण त्या दिवसापासून आम्ही "पाय काढणारी टीम". सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, आवडलं आम्हाला. समोरचे फिफ्टी-फिफ्टी बॉलला यायचेच नाहीत, पाय आधीच मागे घ्यायचे. ज्या बॉलसाठी झगडावं लागायचं तो आयता मिळायला लागला. दोन-तीन मॅच आम्ही नुसत्या त्यावर जिंकल्या.

मग रेफ्री. किकऑफच्या आधी कॅप्टनला बाजूला घेऊन, "आज नीट खेळायचं हां, तुमचं ऐकलंय मी." आणि साधा खांद्याला खांदा लागला की कार्ड बाहेर. आम्हाला वाटायचं आमच्यावर खार खातात. ते तसं नव्हतं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, इंग्लंडमधल्या संशोधकांचा २००२ सालचा एक अभ्यास वाचला तेव्हा. त्यांनी ३८ रेफ्रींना मॅचमधले तेच ५० प्रसंग व्हिडिओवर दाखवले, पण निम्म्यांना आधी सांगून ठेवलं की ह्यातली निळ्या जर्सीची टीम आक्रमक, फाऊल करणारी म्हणून ओळखली जाते. दोन्ही गटांनी फाऊल दिले ते साधारण सारखेच. पण ज्यांना ते एक वाक्य सांगितलेलं त्यांनी त्या टीमला कार्ड जास्त दाखवली. तोच टॅकल, तोच पाय, तीच जर्सी. हे वाचून मला आमच्या स्टॉपरला फोन करावासा वाटला, केला पण, आणि तो म्हणाला, "म्हणजे माझं चुकत नव्हतं ना?" इतकी वर्षं तो हे मनात धरून बसला होता.

पण सगळ्यात वाईट झालं ते बाहेर नाही, आमच्यात झालं. आमच्याकडे एक पोरगा होता, सतरा वर्षांचा, छोटासा, बॉल पायाला चिकटलेला. चाळीच्या गॅलरीत, दोन फुटाच्या जागेत, नळाच्या रांगेतल्या हंड्यांमधून तो बॉल काढायचा आणि एकही हंडा हलायचा नाही, बायका ओरडायच्या आणि मग बघत पण बसायच्या. मैदानात तो बॉल घेऊन वळला की आम्हीच ओरडायचो, "मार रे लांब! खेळत काय बसलायस!" कारण आता आम्ही ठोकणारी टीम होतो ना, आमचं ठरलं होतं, पुढे मारायचं आणि मागून धडकायचं, आणि ते चालत होतं. आमच्याबद्दल लोक जे बोलत होते ते आम्ही आमच्याच माणसावर लादलं. त्याने हळूहळू येणं बंद केलं. भांडण नाही काही नाही. पुढे त्याला कुरिअर कंपनीत नोकरी लागली आणि तो खेळायचाच थांबला. मी त्याच्या मागे खेळायचो, लेफ्टला, सगळ्यात जवळून त्याला मीच बघितलंय, आणि मी एकदाही म्हणालो नाही की खेळ तू, मी आहे मागे. हे मला आजही लागतं.

म्हणून मी मोठ्या टीम बघतो तेव्हा माझं लक्ष ह्याच गोष्टीवर असतं, की ह्यांचं नाव ह्यांना चालवतंय की हे नावाला चालवतायत. स्पेन घ्या. २००८ युरो, २०१० वर्ल्डकप, २०१२ युरो, पास पास पास, आणि सगळ्या जगाला कळलं की ह्यांच्याकडून बॉल घ्यायला जायचं नाही. मग सगळे मागे बसायला लागले. २०१८ ला मॉस्कोत रशिया पाच बॅक लावून बसली, स्पेनने हजाराच्या वर पास दिले, १-१, आणि पेनल्टीवर बाहेर, शेवटचा शॉट रशियाचा कीपर अकिनफेएव्हने पडता पडता पायाने अडवला. २०२२ ला मोरोक्कोने तसंच केलं, पुन्हा हजारावर पास, ०-०, आणि पेनल्टीत स्पेनचा एकही गोल नाही. लोक म्हणतात टिकी-टाका, म्हणजे हा छोट्या छोट्या पासचा खेळ, संपलं. मला वाटतं नावाने जागा खाल्ली. जी मोकळी जागा त्या पासिंगला लागते तीच त्या पासिंगच्या भीतीने समोरचे बंद करून टाकायला लागले, आणि स्पेनवाले तरीही तेच देत राहिले कारण आपण असेच खेळतो.

आणि मग २०२४ चा युरो. पहिली मॅच क्रोएशियाशी. क्रोएशियाकडे बॉल स्पेनपेक्षा जास्त वेळ होता आणि स्पेन ३-० ने जिंकली! दोन बाजूंना लामिन यमाल आणि निको विल्यम्स, बॉल मिळाला की सरळ अंगावर. सातच्या सात मॅच जिंकले ते. यमाल फायनलच्या आदल्या दिवशी सतरा वर्षांचा झाला. सतरा हा आकडा वाचला आणि मला गॅलरीतले हंडे आठवले, दुसरं काय.

इटलीचंही असंच एक मनात कोरलेलं आहे. २००६, वर्ल्डकपची सेमीफायनल, डॉर्टमुंड, जिथे जर्मनी तोवर कधी हरली नव्हती. आपल्याकडे रात्री साडेबारा. इटली म्हणजे कुलूप, दार लावून बसणार आणि पेनल्टीची वाट बघणार, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ०-० वर एक्स्ट्रा टाईम सुरू झाला आणि त्यांचा कोच लिप्पीने काय केलं, तर याक्विंताला आणलं, मग डेल पिएरोला आणलं, गिलार्डिनो आणि टोटी आधीच मैदानात, म्हणजे पुढे माणसंच माणसं. एक बॉल पोस्टला लागला, एक बारला. पेनल्टीला एक-दीड मिनिट उरलेलं आणि पिर्लोने न बघता बाजूला सरकवला, ग्रोसोने डाव्या पायाने वळवला, ११९ वं मिनिट. लगेच डेल पिएरो, २-०. मी त्या रात्री झोपलोच नाही. इतकी वर्षं लोकांनी ज्या नावाने हाक मारली त्या नावाला त्या माणसाने ऐन वेळी ओ दिली नाही, हे मला केवढं मोठं वाटलं काय सांगू.

आता शेवटचं. मार्च २०२३, अंधेरीचं स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, मुंबई सिटी विरुद्ध बेंगळुरू, आयएसएलच्या सेमीफायनलचा पहिला लेग. त्या सीझनला आपली टीम सलग १८ मॅच हरली नव्हती, लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची शील्ड आधीच आपली, आणि फेब्रुवारीत ह्याच बेंगळुरूने तो सिलसिला तोडला होता. तीन आठवड्यांनी ते अंधेरीत आले तेव्हा त्यांच्या चालण्यातच दिसत होतं. एकदा हरवलंय, मग हेही माणसंच आहेत. बदली म्हणून आलेल्या सुनील छेत्रीने कॉर्नरवर हेड मारला आणि १-०. आमचा स्टँड असा शांत झाला की खाली रेफ्रीचं बोलणं ऐकू येत होतं.

बाहेर आल्यावर आझाद नगर मेट्रोकडे जाताना एका चहाच्या गाडीवर थांबलो. चार-पाच जण, सगळे आकाशी जर्सीतले, सगळे चाळिशी ओलांडलेले, कॉर्नरचं मार्किंग कोणाचं होतं यावर वाद चाललेला. तिथून बोलणं जुन्या मैदानांवर गेलं, कूपरेज, आझाद मैदान, पावसाळी टुर्नामेंट. एक जण म्हणाला मी अमुक टीममधून खेळायचो. मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"थ्रोवाला?"

तो हसला. "थ्रोवाला. तू कोण?"

मी सांगितलं नायगाव, ९६, १-०. त्याला लगेच आठवलं नाही. मग पाऊस म्हणालो, सात थ्रो म्हणालो, तेव्हा आठवलं.

"अरे ती मॅच! तेव्हा माझा खांदा गेलेला रे. जूनमध्येच निखळला होता, डॉक्टरने हात वर करायचा नाही म्हणून सांगितलेलं. आमच्याकडे माणसं नव्हती म्हणून उतरलो. लांब फेकायचं सोड, डोक्यावर बॉल न्यायला पण कळ येत होती." मग उजव्या हाताने हवेत तो पुसायचा अभिनय करून म्हणाला, "पण मी नुसता बॉल पुसला की तुम्ही सगळे आत. मग आमचं ठरलं, पुसत राहायचं."

मी काहीच बोललो नाही. तोच पुढे म्हणाला, "तू कुठे खेळायचास?"

"लेफ्ट बॅक."

"लेफ्ट बॅक? मग तूच तो!" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमानेच. "तू बॉल मागे मारायचास. हाफटाईमला आमच्या कॅप्टनने सांगितलं होतं, लेफ्टनेच जा, तो पोरगा दाबला की स्वतःच कॉर्नर देतो. आम्ही पुढे दुसऱ्यांना पण सांगायचो, नायगावशी खेळताना लेफ्टने जा."

९७ आणि ९८, दोन्ही सीझन, सगळ्या टीम माझ्याच बाजूने का यायच्या हे मला पंचवीस-सव्वीस वर्षांनी, चहाच्या गाडीवर कळलं. मी तेव्हा समजायचो की आमची राईट साईड मजबूत आहे म्हणून.

मेट्रोच्या जिन्यापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. त्याला वर्सोव्याकडे जायचं होतं, मला घाटकोपर. शनिवारी रात्री मुलुंडला टर्फवर खेळतो आम्ही, ये, म्हणालो. तो म्हणाला येतो, कीपर मात्र करू नका मला. वर गेल्यावर दोन टोकांना दोन प्लॅटफॉर्मवर उभे होतो, त्याची गाडी आधी आली आणि त्याने दारातून हात केला, डावा. उजवा अजूनही खांद्याच्या वर जात नाही त्याचा.